खांबामागचा आवाज

१२ सप्टेंबर

भिंगरी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून आधी खाली बस. कुणी गेलेलं नाही. तुझे भावजी धडधाकट आहेत, घराचं छप्पर जागेवर आहे, आणि मी नेहमीपेक्षा शहाण्यासारखी वागते आहे, कारण माझं तोंड बंद आहे.

घसा बसलाय जरा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. मी विचारलं, "आणि कुजबुजलं तर?" त्या म्हणाल्या, "कुजबूज त्याहून वाईट. आणि आत्ता बोललात ना, ते शेवटचं." तेव्हापासून गळ्यात दोरीने पाटी बांधून फिरते आहे. पण पाटीवर मावतं किती? दोन ओळी झाल्या की पुसा. माझ्या पोटात तर रोजचा पाटीभर नाही, पोतंभर मजकूर साठतो. तो कुणाला तरी लिहायला हवा, आणि माझं ऐकून घ्यायची सवय सगळ्यात जुनी तुझी.

सात वर्षं आपण एकमेकींना वर्षाकाठी एक छापील शुभेच्छापत्र पाठवतो आहोत, खाली नुसती सही. म्हणजे हिशेबाने फिट्टंफाट आहे. मागचं उकरून काढायला मी लिहीत नाही. आईला माती द्यायच्या दिवशी तू गीत टाकून उठून गेलीस, ती वेळ चुकीची होती, असं मी अजूनही म्हणेन. असो.

बस डेपोने मला माईकवरून उठवून 'हरवलं-सापडलं'च्या खिडकीत बसवलंय. चोवीस वर्षं गाड्या पुकारल्या, आता छत्र्या सांभाळते. गंमत म्हणजे, ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसणार, असं लोक धरून चालतात. काल एक गृहस्थ छत्री शोधत आले. मी पाटीवर लिहिलं, "रंग कोणता?" त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि खाली लिहिलं, "काळा." चांगला खणखणीत आवाज होता हो त्यांचा, आल्या आल्या खिडकीत खोकले होते.

पाळकसाहेब घरी येऊन गेले. म्हणाले, "पवित्र शास्त्रातल्या त्या म्हाताऱ्या याजकाचीही वाचा गेली होती. त्यालाही पाटीच मागवावी लागली." मी लिहिलं, "त्याने देवदूताशी वाद घातला होता. मी काय केलं?" तर म्हणतात, "यादी काढू का?"

आणखी एक. पंधरा नोव्हेंबरच्या रविवारी आपल्या चर्चला पन्नास वर्षं पूर्ण होताहेत. त्या उपासनेत आईचं गीत म्हणायचं ठरलंय. वरचा आवाज म्हणायला मी आहेच. खालच्या आवाजाचं काहीतरी बघू.

तुझी ताई

२० सप्टेंबर

भिंगरी,

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. घसा नुसता बसलेला नव्हता. स्वरयंत्रावर गाठ होती. ती काढली. तुला आधी कळवलं नाही, कारण तू आली नसतीस तर मला वाईट वाटलं असतं, आणि आली असतीस तर मी रडले असते, आणि डॉक्टरीणबाईंनी रडायलाही बंदी केली होती.

गाठ तपासायला पाठवली होती. काल निकाल आला. साधी गाठ आहे, वाईट काही नाही. भावजींनी तो कागद तीनदा वाचला, मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. देवाची कृपा, हे आता मी सहज लिहिते आहे. पण निकालाच्या आधीचे नऊ दिवस मी त्याच्याशी कडाकडा भांडत होते, तेही मनातल्या मनात. भांडणात आवाज चढवता येत नसेल तर भांडायला काही मजा नाही गं. शेवटी मीच दमले आणि म्हटलं, तू तरी बोल. तोही गप्प. मग आम्ही दोघं गप्पच बसलो. खरं सांगू? तितकं शांत मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. भीती गेली नव्हती, पण तिच्यासोबत मी एकटी नव्हते.

बुधवारच्या प्रार्थनासभेचं ऐक. तुला आठवतं ना, बाकांवरून ओळीने एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची? माझी पाळी आली. मला वाटलं, आता शेजारचे बेकरीवाले सुरू करतील. तर कुणीच तोंड उघडेना. सगळे डोळे मिटून स्वस्थ. मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. माझ्या जागी माझ्याऐवजी कुणीही बोललं नाही, माझी पाळी त्यांनी माझ्यासाठी तशीच राखून ठेवली. सात मिनिटांनी बेकरीवाल्यांनी "आमेन" म्हटलं आणि मग स्वतःची प्रार्थना सुरू केली. बाहेर आल्यावर मी पाटीवर विचारलं, "सातच का?" ते म्हणाले, "ताई, तुमची प्रार्थना नेहमी सात मिनिटांची असते. मी एकदा घड्याळ लावून बघितलं होतं, पाव भट्टीत होते ना." त्या दिवशी डॉक्टरीणबाईंची बंदी मी मोडली. रडले.

डेपोतली आणखी एक भानगड. ऑपरेशनच्या आधी साहेबांनी सगळ्या गाड्यांची नावं माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. त्यामुळे मी खाली खिडकीत मुकी बसलेली असते आणि वर छतातून मीच ओरडत असते, "प्रवाशांनी कृपया दरवाजात गर्दी करू नये." बाई किती तोरा मिरवते! आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

परवा दुपारी बघते तर चार नंबरच्या फलाटावर बाकड्यावर तुझे भावजी बसलेले. कुठे निघाले म्हणून जवळ गेले, तर हातात ना पिशवी ना तिकीट. मी पाटी पुढे केली, "इथे काय करताय?" ते म्हणाले, "काही नाही. घरात फार शांत वाटतं. म्हटलं, जरा तुझा आवाज ऐकून यावं." याच माणसाने तीस वर्षं कानात कापूस घालून वर्तमानपत्र वाचलंय.

ताई

११ ऑक्टोबर

भिंगरी,

पाकीट मिळालं. आत फक्त शिट्टी. तू पोहायला शिकवतेस त्या तलावावरची, निळ्या दोरीची, तोंडाशी तुझ्या दातांच्या खुणा. चिठ्ठी नाही, दोन ओळी नाहीत, काही नाही. मी एवढी पानं भरून लिहायचं आणि बाईसाहेबांनी शिट्टी पाठवायची! आठ वर्षांची असताना भांडण झालं की तू अश्शीच माझ्या उशाशी काहीतरी ठेवून पळायचीस. एकदा तर जिवंत बेडूक होता.

शिट्टी झकास आहे. डेपोत एकदाच वाजवली, दोन ड्रायव्हरांनी गाड्या थांबवल्या.

आता बातमी. तीन आठवडे संपले आणि मी बोलले. पहिला शब्द काय असावा याचा मी खूप विचार करून ठेवला होता. स्तुतीचं काहीतरी, शोभेल असं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "अहो, दूध उतू जातंय!" आवाज निघाला तो खरखरीत आणि जाडा. भावजी दचकून मागे बघायला लागले, घरात कोण पाहुणा आला म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळ द्या. मी देते आहे.

आईच्या गीताचा सराव सुरू केला आहे. आपले पेटीमास्तर लेकीच्या बाळंतपणाला गेलेत, म्हणून पेटीशिवायच चाललंय. बेकरीवाले, दातांच्या दवाखान्यातली नर्स आणि इतर चौघं. कागद तर नाहीच. आईने कधी काही लिहून ठेवलं नाही, आपल्याला स्वयंपाकघरात ओट्यापाशी तोंडीच शिकवलं. वरचा आवाज, म्हणजे मूळ चाल, ताईचा; खालचा, तिच्याखालून वेगळ्या सुरांनी साथ करणारा, भिंगरीचा. मी मधोमध, तू डावीकडे खांबापाशी. मी चौदाची होते, तू दहाची. मग मीही तसंच शिकवते आहे, मी म्हणते, ते म्हणतात. चूक झाली की शिट्टी. खरंच छान बसत चाललंय. खालचा आवाज नंतर बघू, आधी सगळ्यांचा वरचा पक्का होऊ दे.

तलावातल्या त्या मुलींना तूही अशीच शिट्टी मारतेस का? एकदा लिही तरी.

ताई

२५ ऑक्टोबर

भिंगरी,

हसायचं असेल तर आधी हसून घे.

काल मास्तर परत आले. आजोबा झालेत, त्यामुळे तोंडभर हसत पेटीवर बसले. मी म्हटलं, ऐका आता आमची तयारी. त्यांनी आईच्या गीताची चाल धरली, आम्ही सातही जणांनी दणक्यात सुरुवात केली. पहिली ओळ होते न होते तोच मास्तरांचे हात थांबले. पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, चाल कुठाय? तुम्ही सगळे तर तुमच्या धाकटीचा आवाज म्हणताय."

भिंगरी, खरंच तसं झालं होतं. माझ्या डोक्यात वरचाच आवाज वाजत होता. मला वाटत होतं, मी तोच गाते आहे. पण गळा वर चढत नव्हता, तो जमेल तिथून खालून वाट काढत होता, गुडघे दुखणारा माणूस जिना सोडून उताराने जातो तसा. आणि ती सगळी वाट तुझ्या आवाजाची निघाली. बाकीच्यांनी बिचाऱ्यांनी इमानाने तीच पाठ केली. दोन आठवडे मी शिट्ट्या मारमारून सहा जणांना तुझा आवाज शिकवला, आणि माझ्या कानांना पत्ता नाही!

सगळे पोट धरून हसले. मीही हसले. मग घरी न जाता डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, बोलायचा आवाज अजून सुधारेल. गाण्याचा वरचा भाग परत येणार नाही. कुणाची चूक नाही, गाठ बसली होतीच तशा जागी.

हे त्यांनी मला तीन आठवड्यांपूर्वीही सांगितलं होतं. तुला लिहिताना मी "वेळ द्या" एवढंच लिहिलं.

आज दुपारी एकटीच चर्चमध्ये जाऊन बसले. पाटी घेऊन गेले होते, आता गरज नाही तरी. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "का?" आणि पुढच्या बाकावर टेकवून ठेवली, ज्याला वाचायचं त्याने वाचावं म्हणून. पाळकसाहेब फुलदाण्यांतलं पाणी बदलायला आले. मला वाटलं, आता प्रवचन मिळणार. त्यांनी पाटी वाचली, खडू उचलला आणि खाली लिहिलं, "मलाही माहीत नाही." मग माझ्या शेजारी बसले. पाळकाने असं लिहून द्यावं, म्हणजे झालंच की! मला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं. उठताना ते म्हणाले, "पण आपण विचारतोय ते घर तरी बरोबर आहे ना, तेवढं पुरे." मी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मात्र अडचण उभीच आहे. पंधरा तारखेला एक गीत, सात खालचे आवाज, वरचा एकही नाही. मास्तर वाजवू शकतात, पण म्हणायला गळा लागतो. नर्सने प्रयत्न केला, शेवटच्या कडव्यात तिचा आवाज फाटला आणि बेकरीवाल्यांनी खिशातून पाव काढून दिला.

ताई

१ नोव्हेंबर

भिंगरी,

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वरचा आवाज या जगात आणखी एकीला येतो. तेहेतीस वर्षं माझ्या कोपराशी उभी राहून जिने तो ऐकला, तिला.

विचारण्याआधी मला एक सांगायला हवं, नाहीतर विचारायला तोंड नाही.

आईला माती दिली त्या दिवशी तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "ताई, आज एकदा मला वरचा म्हणू दे. आईसाठी." आणि मी, कानात नाही, सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझा खालचा सांभाळ, तेवढा पुरे आहे." तू उठून गेलीस. मी सात वर्षं सगळ्यांना सांगत आले, धाकटी हळवी आहे, दुःखात तिला सुचलं नाही. वेळ चुकीची होती, हे सप्टेंबरातही मी तुला लिहिलं. वेळ नव्हती चुकीची. मी होते.

त्याहून पुढचं अजून कुणालाच सांगितलेलं नाही, भावजींनाही नाही. आईच्या आजारपणात एका सकाळी तू स्वयंपाकघरात भांडी विसळत वरचा आवाज गुणगुणत होतीस. मी आईच्या खोलीच्या दाराबाहेर उभी होते. आत आई अंथरुणावर डोळे मिटून ऐकत होती आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी गाताना मला कधी दिसलं नव्हतं. तू माझ्यापेक्षा चांगलं गात होतीस, भिंगरी. थोडंसं नाही, पुष्कळ. मला हेवा वाटला. त्या दिवशी मी तुला नाही म्हटलं ते त्या हेव्याने. बाकी सगळी सारवासारव.

मी तुझी माफी मागते. मला क्षमा कर. देवाकडे ती मी मागितली आणि ती मिळाली आहे, असा माझा विश्वास आहे. पण त्याच्याकडून मिळाली म्हणून तुझ्याकडची मागायची टाळता येत नाही, एवढं मला या मुक्या दिवसांत कळलं. आवाज असता तर मी बोलबोलून हे कळणं लांबवलं असतं.

तू चर्चमध्ये जातेस की नाही, मला ठाऊक नाही. भांडण माझ्याशी आहे, त्याच्याशी नको.

पंधराला येशील? वरचा आवाज तू म्हण. खालचा मी म्हणेन. तो मला आता पाठ आहे. आली नाहीस तरी मी खालचा म्हणेन, आणि वरची जागा कुणी भरणार नाही. बुधवारी जशी माझी पाळी राखली, तशी तुझी राखायची, असं मंडळीने ठरवलंय. बेकरीवाले घड्याळ लावून बसणार आहेत.

तुझी ताई

१८ नोव्हेंबर

भिंगरी,

पोचल्याचं कळलं. डब्यातला केक प्रवासात पुरा संपला हेही कळलं.

तू इथे होतीस, सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं, तरी मला लिहू दे. शनिवारी तू बसमधून उतरलीस तेव्हा वरून माझाच जुना आवाज ओरडत होता, "प्रवाशांनी आपलं सामान तपासून घ्यावं." तू छताकडे बघून हसलीस. ध्वनिमुद्रणाचं मी लिहिलं होतं तरी क्षणभर तुला वाटलं, ताईचा गळा बरा झाला, उगाच कांगावा करत होती. मग मी मागून म्हणाले, "आलीस?" आणि तू आजूबाजूला बघायला लागलीस, हे कोण बोललं म्हणून. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी विसरणार नाही. नंतर डोळ्यात धूळ गेली म्हणालीस. फलाट नुकता धुतला होता गं, धूळ कुठली?

रविवारचं मात्र तुला माहीत नाही, कारण तू पुढे बघत होतीस. मधली जागा तुला दिली आणि मी डावीकडे जाऊन उभी राहिले. उभी राहिले आणि समोर बघते तर काय, खांब! मंडळी नाही, पाळकसाहेब नाहीत, वेदीवरची फुलं नाहीत. नाकासमोर हातभर अंतरावर नुसता दगडी खांब. भिंगरी, तेहेतीस वर्षं तू त्या खांबाकडे बघत गायलीस? आणि मी एकदाही मान वळवून बघितलं नाही की तुला तिथून काय दिसतं.

तिथून काही दिसत नाही. फक्त ऐकू येतं. म्हणून मी ऐकलं. पहिल्या कडव्यात तुझा आवाज जरा थरथरला, मी खालून धरून ठेवला. तो मला धरता आला याचा मला जितका आनंद झाला तितका आयुष्यात वर चढून कधी झाला नव्हता. शेवटच्या कडव्यात तू जिथे गेलीस तिथे मी कधीच पोचले नव्हते. आईचा चेहरा तेव्हा तसा का झाला होता, ते मला समजलं. माझा घसा मी देवाकडे परत मागत होते. त्याने तो दिला नाही, त्याऐवजी मला तुझ्या जागी नेऊन उभं केलं. अजूनही "का" ते मला माहीत नाही. पण आता पाटी पुसली आहे.

गीत संपल्यावर सगळे डोळे पुसत होते तेव्हा मी खांब न्याहाळत होते. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. साधारण दहा वर्षांच्या मुलीच्या खांद्याच्या उंचीवर केसांच्या आकड्याने कोरलेलं एक चित्र आहे. गोल डोकं, दोन वेण्या, आणि अर्धा चेहरा व्यापणारं उघडं तोंड. खाली अक्षरं आहेत. मी चष्मा लावून वाचली. "भोंगा." म्हणजे मला 'भोंगा' म्हणतात म्हणून डेपोतल्या लोकांवर मी उगाच चोवीस वर्षं रागावले. हे नाव आपल्या घरातूनच निघालं होतं तर!

त्याच्या शेजारी मीही परवा केसातला आकडा काढून एक तोंड कोरलं. तुझं. माझ्यापेक्षा एक बोट वर.

काल मंडळीच्या बैठकीत कुणीतरी सुचवलं की पन्नास वर्षं झाली, आता त्या डावीकडच्या खांबाला रंग देऊन टाकू, फार ओरखडे पडलेत. मी उभी राहिले. माईक नाही, शिट्टी नाही. माझ्या या जाड्या आवाजात म्हणाले, "कुणी हात तर लावून बघा." शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू गेलं, असं तुझे भावजी म्हणतात. ते तिथेच बसले होते, कानात कापूस न घालता.

तुझी, खालच्या आवाजातली,
ताई